मशीन अजून घुमतंय

मला घरात ऐकू येत नाही. दुकानात येतं, रस्त्यावर येतं, लग्नाच्या मांडवात तर चांगलंच येतं, कारण तिथं सगळेच ओरडून बोलतात. देऊळगाव राजात जालना रोडला माझं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. समोरून ट्रक जातात, आत एखादी पाण्याची मोटार टेस्टिंगला लावलेली असते, आणि बोलायला आलेला माणूस आपसूक आवाज चढवतो. म्हणून गावात कुणाला शंका आली नाही. घरी आम्ही दोघंच. माझी बायको मुळात हळू बोलणारी, त्यात ओट्याकडे तोंड करून, माझ्याकडे पाठ करून बोलणार. तिथं मी बहिरा.

एवढं साधं वाक्य, पण ते मी कुणापाशी बोललो नव्हतो. जालन्याच्या एका कानाच्या डॉक्टरांनी मला ते कधीचंच सांगितलं होतं. तांब्याची तार आणायला म्हणून गेलो होतो आणि तपासून घेतलं. ते म्हणाले, कानाच्या आत एक इवलंसं हाड असतं, ते हलायचं थांबत चाललंय. बाहेरचा आवाज आत पोचत नाही, हाडातून मात्र नीट पोचतो. म्हणून तुमचाच आवाज तुम्हाला मोठा वाटतो, म्हणून तुम्ही हळू बोलता. ऑपरेशन करा, नाहीतर कानात मशीन लावा. मी हो म्हणालो, तार घेतली आणि परत आलो.

हळू बोलतो म्हणून लोक मला शांत स्वभावाचा माणूस म्हणत. ते नाव मी गुमान घेत राहिलो.

न सांगण्याचं कारण फार मोठं नाही. आमच्याकडे आंधळ्याची कीव करतात, लंगड्याला हात देतात, पण बहिऱ्याची गंमत करतात. माझे एक चुलते बहिरे होते. गल्लीतली माणसं त्यांच्यासमोर नुसते ओठ हलवायची, आवाज काढायचीच नाहीत, आणि चुलते आपले मान हलवत "हाव हाव" म्हणायचे. मग सगळे हसायचे. त्या हसण्यात मीही असायचो. डॉक्टरांच्या खुर्चीत बसल्या बसल्या मला तेच "हाव हाव" आठवलं. आणि मजा बघा, घरी येऊन मीही तेच करायला लागलो. ही काही बोलली की मान हलवायची आणि हो म्हणायचं.

पण हो म्हटलं की काम करावं लागतं. एकदा तिनं दळण आणायला सांगितलं असणार, मी रिकाम्या हातानं घरी आलो. तिनं विचारलं, दळण कुठाय? मी म्हणालो, तू सांगितलंच नाहीस. ते तोंडातून निसटलं. पण निसटल्यावर लक्षात आलं की हे सोपं आहे. मग सवय झाली. मुलीचा फोन येऊन गेला, तू सांगितलंच नाहीस. गॅस संपत आलाय, सांगितलंच नाहीस. शेजारच्या घरी वास्तुशांतीला जायचं होतं, कधी सांगितलंस? आधी ती भांडायची. "सांगतलं होतं. तुम्ही हाव म्हणले," असं ठासून म्हणायची. पुढं तिनं भांडणं सोडलं. नुसती माझ्याकडं बघत राहायची आणि कपाळावर बोट ठेवून आठवायचा प्रयत्न करायची.

इथं तिच्या आईबद्दल सांगावं लागेल. दुसरबीडला माझ्या सासूबाईंना शेवटची काही वर्षं काही आठवत नव्हतं. ही जाऊन त्यांचं करायची. न्हाऊ घालायची, वेणी घालायची. वेणी घालून झाली की सासूबाई मागं वळून विचारायच्या, "बाई, तू कोनाची वं?" ही सांगायची, "तुमचीच." त्या गेल्यानंतर एकदा जीपमधून येताना, इंजिनाच्या आवाजात मोठ्यानं बोलावं लागत होतं म्हणून मला ऐकू आलं, ही म्हणाली होती, मरणाचं भ्या नाही वाटत, पण असं नको व्हायला.

हे माहीत असून मी तिला "तू सांगितलंच नाहीस" म्हणत राहिलो.

मग तिनं पदराला गाठ मारायला सुरुवात केली. बायका एखादी गोष्ट विसरू नये म्हणून गाठ मारतात, तशी नाही. ही मला काही सांगून झालं की गाठ मारायची, सांगितल्याची खूण म्हणून. संध्याकाळी मी नाकबूल गेलो की पदर हातात घ्यायची. गाठ असायची. मला वाटलं, आता सापडलो. पण ती गाठीकडं बघत स्वतःशीच म्हणाली, "गाठ मारली, पन सांगायचंच राह्यलं वाटते." हे तिच्या ओठांवरून मला कळलं. मी वर्तमानपत्र उघडलं.

मुलगी संभाजीनगरला असते. आईनं तिला फोनवर विसराळूपणाचं सांगितलं, तेव्हा तिनं बदाम पाठवले, रोज रात्री भिजवून सकाळी खायचे म्हणून. त्यानं काही फरक पडेना तेव्हा तिनं मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली. वैशाख संपता संपता जायचं ठरलं. ही तयार झाली. मुकाट्यानं तयार झाली, हे मला जास्त लागलं. जायच्या दिवसासाठी एक लुगडं तिनं घडी घालून वेगळं काढून ठेवलं. कपाट उघडलं की ते दिसायचं.

याच दिवसांत घरात मशीन आलं.

माझ्या सासऱ्यांचा लाऊडस्पीकरचा धंदा होता. लग्न असो, सप्ताह असो, जयंती असो, दुसरबीडच्या आसपास त्यांचेच भोंगे वाजायचे. भोंग्यांना आवाज पुरवणारा तो अँप्लिफायर म्हणजे मशीन. लोखंडी हिरवा डबा, समोर गोल बटणं, आत काचेचे वॉल्व्ह. पेटले की विस्तवासारखे लाल दिसतात. पुढं नवे हलके अँप्लिफायर आले, सासरे गेले, आणि मशीन कोठ्यात पोत्यांखाली पडलं. होळीच्या सुमाराला मेहुण्यानं तो कोठा पाडून स्लॅब टाकायचं काढलं. मशीन भंगारात चाललं होतं. ही तिथंच होती. तिनं ते मांडीवर घेतलं आणि जीपमध्ये बसून घेऊन आली. मेहुणा मला नंतर फोनवर म्हणाला, भाऊजी, हिला काही म्हनू नका, जुनं डबडं आहे, ठेवा कुठंतरी.

तिला ते ठेवायचं नव्हतं. तिला ते चालू करून हवं होतं.

मी तरुणपणी बुलढाण्याला रेडिओचा कोर्स केला होता, त्यामुळं वॉल्व्ह मला अनोळखी नाहीत. वर्षानुवर्षं बंद असलेलं मशीन एकदम करंटवर लावायचं नसतं. मी मधे एक बल्ब जोडून हळूहळू वीज दिली, जालन्याहून नवे फिल्टर कंडेन्सर आणून बसवले, वायर बदलली, तीन पिनचा प्लग लावला. बॉक्स लोखंडी, उगाच कुणाला शॉक नको. भोंगा काही घरात वाजवता येत नाही, म्हणून दुकानातला एक जुना स्पीकर आणून जोडला. एका दुपारी चालू केलं. वॉल्व्ह तापले, धूळ जळाल्याचा आणि मेणाचा वास सुटला. ही दारात उभी होती. तिनं डोळे मिटले. तो वास तिच्या घरचा होता.

मग ती जवळ आली, स्पीकरला कान लावला आणि म्हणाली, "घुमून राह्यलं."

हमिंग. जुन्या मशीनची नेहमीची खोड. गाणं बोलणं काही नसताना स्पीकरमधून जो एकसारखा जाड आवाज येत राहतो, तो. त्याचं कारण शोधायचं तर पहिलं हत्यार कान. माझ्याकडं तेच नव्हतं. मी स्पीकरपाशी वाकलो, ऐकल्यासारखं केलं आणि म्हणालो, हो, थोडं आहे, काढतो.

रोज सकाळी दुकानात जाण्याआधी मी मशीन उघडून बसू लागलो. ऐकू येत नाही म्हणून मीटर लावायचो. स्पीकरच्या तारांवर मीटरची दोन टोकं धरायची आणि काटा बघायचा. हमिंग असेल तर काटा हलणार. काटा हलत नव्हता. मी तिला सांगितलं, गेली हमिंग. ती खूश झाली. दुपारी मी दुकानात असताना तिनं मशीन लावलं, आणि संध्याकाळी मला म्हणाली, मशीन अजून घुमतंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा मीटर. काटा जागचा हलेना. मी एक वॉल्व्ह बदलला, सोल्डरचे टाके नवे मारले, तिच्यासमोर मीटर धरून दाखवलं. हे बघ, काही नाही. ती म्हणाली, हाव, आता नाही. दुपारी पुन्हा घुमलं. असं बरेच दिवस चाललं. शेवटी मी म्हणालो, मीटर खोटं बोलत नाही, तुला वहीम झालाय.

आता जे सांगतो ते सांगणं बहिरेपणापेक्षा अवघड आहे. वहीम हा शब्द बोलताना माझ्या मनात एक विचार आला आणि त्यानं मला बरं वाटलं. मीटर सांगतंय हमिंग नाही, आणि हिला ऐकू येते. म्हणजे हिला खरंच काहीतरी व्हायला लागलं असेल. आईसारखं. तसं असेल तर मी आजवर जे म्हणत आलो ते अगदीच खोटं नाही. तिला मी आजारी पाडलं नाही, ती होतीच. या विचारानं बरं वाटून त्या सकाळी मी नाश्ता करून दुकानात गेलो. पोहे केले होते, चांगले झाले होते.

ती त्या दिवसापासून मशीन लावेना. त्यावर तिनं एक धुतलेला टॉवेल टाकून ठेवला. मुलीशी बोलताना ती फोन स्पीकरवर ठेवते, त्यामुळं मुलीचं मला ऐकू येतं. मुलगी म्हणाली, आई, आवाज येतात हेपण डॉक्टरांना सांगायचं हं. आणि हिनं लहान मुलीसारखी मान हलवली.

दुकान बंद असायच्या वारी ही दुपारी शेजारी पापड लाटायला गेली होती. मी घरात एकटा. उन्हाची काहिली होती. टॉवेल काढला, मशीन लावलं आणि त्याच्यासमोर जमिनीवर बसलो. मला खात्री करून घ्यायची होती. काय निघावं असं मला वाटत होतं, ते मी आजही सांगू शकत नाही. मीटर दुकानात राहिलं होतं. हाडातून नीट पोचतं, हे डॉक्टरांचं बोलणं आठवलं. उठलो, स्वैपाकघरात गेलो, लाटणं घेतलं, आणि त्याचं एक टोक स्पीकरला टेकवून दुसरं दातांत धरलं.

आवाज आला. डोक्यात भरला. जाड, एकसारखा, दूर कुठंतरी पिठाची गिरणी चालल्यासारखा. लाटणं काढलं की काही नाही. धरलं की गिरणी सुरू. मी पुन्हा पुन्हा धरून बघितलं. किती दिवसांनी कसला तरी आवाज इतका स्पष्ट ऐकत होतो. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि तोंडात लाटणं असल्यामुळं लाळही.

मान वर केली तर ही दारात उभी. पोळपाट न्यायचं विसरली म्हणून परत आली होती.

"हे काय चाललंय?" ती म्हणाली. आवाज चढवून म्हणाली, म्हणून कळलं.

मी लाटणं काढलं. म्हणालो, "घुमतंय. तू बरोबर आहेस."

"मंग लाटनं काऊन तोंडात?"

यावर काहीही सांगता आलं असतं. मेकॅनिकचा काही हुन्नर आहे म्हणून सांगितलं असतं तर तिनं मानलंही असतं. पण दाराबाहेरचं ऊन तिच्या मागं होतं, तिचे ओठ मला नीट दिसत नव्हते, आणि मी फार थकलो होतो. मी म्हणालो, "मला ऐकू येत नाही म्हणून."

ती आत आली. माझ्यासमोर खाली बसली. मी सगळं सांगितलं. जालन्याचे डॉक्टर, हाड, हो म्हणणं, दळण. सांगायला फार वेळ लागला नाही, याचंच मला नवल वाटलं.  शेवटी तिनं माझी हनुवटी धरून तोंड स्वतःकडं वळवलं आणि एकेक शब्द सुटा करून विचारलं, "म्हंजे मी सांगत होते?"

"सांगत होतीस."

"समदं?"

"सगळं. एकूण एक."

तिच्या पदराला त्या दिवशीची गाठ होती. ती सोडायला लागली. घट्ट बसली होती, नखानं सुटेना, तर दातानं सोडली. मला वाटलं आता बोलेल. ती पोळपाट आणि लाटणं घेऊन उठली, लाटणं नळाखाली दोनदा धुतलं आणि शेजारी पापड लाटायला निघून गेली.

त्यानंतर ती माझ्याशी बोलायची बंद झाली. आणि खरं सांगायचं तर ती बोलत नाही हे मला दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत समजलंच नाही. मी आपला सवयीनं अधूनमधून हो म्हणत होतो. ती हात कमरेवर ठेवून उभी राहिली तेव्हा कळलं, की समोरून काहीच आलेलं नाही आणि मी हो म्हणतोय. तिला हसू फुटलं. तिनं ते लगेच गिळलं, पण मी पाहिलं.

तिसऱ्या दिवशी नाश्त्याला माझ्या ताटात भिजवलेले बदाम होते. साल काढलेले.

"खा," ती म्हणाली. मोठ्यानं. "मले नाही लागत. माह्यं डोकं ठिकाणावर आहे."

मग तिनं मुलीला फोन लावला. मेंदूच्या डॉक्टरांना नाही म्हण आणि कानाचे कोण आहेत ते बघ, असं सांगितलं. काऊन ते तुह्या बापाले विचार, म्हणून फोन माझ्या हातात दिला. मुलीला सांगणं मला तिच्या आईला सांगण्यापेक्षा जड गेलं.  ती एवढंच म्हणाली, "बाबा, आई झोपायची नाही हो," आणि फोन ठेवला. तिनं दोन दिवस माझा फोन घेतला नाही. तिचं बरोबर होतं. मला तर हिचं रात्री जागणंही माहीत नव्हतं.

मशीनवरचा टॉवेल हिनंच काढला. म्हणाली, आता काढा याचं घुमनं, मी ऐकते, तुम्ही हात चालवा.

आम्ही दुपारी बसलो. घुमणं दुपारीच येतं, सकाळी नसतं, हे ती मला पहिल्या दिवसापासून सांगत होती. मी ते ऐकलंच नव्हतं. ती मशीनच्या उजव्या अंगाला बसली, म्हणजे माझ्या त्यातल्या त्यात बऱ्या कानाच्या बाजूला. मी एकेक गोष्ट करायची आणि तिनं सांगायचं. पहिल्या वॉल्व्हला हात लावला. तसंच आहे. आवाजाचं बटण खाली आणलं. कमी झालं. वर नेलं. वाढलं. मी विचारलं, आवाज कसा आहे, जाड की बारीक? ती विचार करून म्हणाली, फ्रीजसारखा नाही, भुंग्यासारखा नाही, लग्नघरी मागच्या अंगाला बाया जात्यावर हळद दळतात ना, तसा. इतकं नेमकं मला कुठल्या मीटरनं सांगितलं नव्हतं. मी तिला उगाच आणखी विचारत राहिलो. कामाची गरज संपली होती तरी विचारत राहिलो. किती वर्षांनी आम्ही असे सलग बोलत होतो.

एकदा बटण फिरवताना माझा डावा हात सहज मशीनच्या लोखंडी बॉक्सवर टेकला. ती म्हणाली, "थांबा. गेलं."

हात काढला. "आलं."

ठेवला. "गेलं."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. हात लावल्यावर घुमणं जातं म्हणजे दोष आर्थिंगचा. बॉक्समधली चुकार वीज जमिनीत उतरायला पाहिजे, ती उतरत नव्हती, आणि माझ्या अंगातून वाट काढत होती. आमच्या घराची आर्थिंग कुठं आहे हे मला माहीत होतं. घर बांधताना वायरमननं खड्डा, मीठ, कोळसा असलं काही केलं नव्हतं. तो म्हणाला होता, वहिनी रोज आंघोळ झाल्यावर तुळशीला पाणी घालतात, तिथली माती कायम ओली राहील, सळई तिथंच ठोकतो. आमच्याकडं कितीतरी घरांत असंच आहे. ही सकाळी तुळशीला पाणी घालते. सकाळी माती ओली, म्हणून सकाळी हमिंग नाही. वैशाखाच्या उन्हानं दुपारपर्यंत वृंदावनातली माती वाळून भेगाळते, आणि मशीन घुमायला लागतं. माझं मीटर सकाळचं, तिचा कान दुपारचा. दोघंही खरं बोलत होते.

मी बादली भरून अंगणात गेलो. मशीन आतल्या खोलीत चालू. पाणी ओतताना लक्षात आलं की इथून ती काय म्हणते ते मला ऐकू येणार नाही. मी तसाच बादली धरून उभा राहिलो. ती उठून दाराच्या चौकटीत आली. आतला आवाज तिला तिथून ऐकू येत होता, आणि मला ती दिसत होती. तिनं खुणेनं सांगितलं, आवाज असेल तोवर मी हात वर ठेवते. तिनं हात वर केला. मी ओतत गेलो. तुळशीच्या बुडाशी पाणी बुडबुडत मुरत होतं. हळूहळू तिचा हात खाली आला, खांद्यापर्यंत, कमरेपर्यंत, आणि मग तिनं तो पदराला पुसला. नंतर म्हणाली, माहे बाबा लग्नात भोंगा लावताना असंच मले शेताच्या बांधावर उभं करायचे, आवाज येते का ते हातानं सांगाले. भोंग्यापाशी स्वतःले काही समजत नाही म्हनायचे.

पुढचं काम साधं होतं. मशीनच्या आत विजेच्या तारेपासून बॉक्सकडं जाणारा एक जुना कंडेन्सर गळत होता, तो काढला. परसात वेगळा खड्डा खणून मीठ-कोळसा भरून आर्थिंग केली, आणि तुळशीची सळई काढून टाकली. सळई काढताना ही मुळांची काळजी घेत माझ्या डोक्यावर उभी होती.

कानाच्या डॉक्टरांची वेळ पुढच्या आठवड्यात होती. त्याच्या आदल्या दिवशी आम्ही मशीन लावून नुसते बसलो होतो. गाणं नाही, काही नाही. फक्त वॉल्व्ह पेटलेले. मला तर काय, तसंही शांतच. मी विचारलं, येतं का काही? ती म्हणाली, काहीच नाही, निर्मळ आहे. ती तूर निवडत होती. सूप बाजूला सारून ती माझ्यासमोर सरकून बसली, तिचं तोंड मला दिसेल अशी.

म्हणाली, आई गेली, तेरवी करून आपण दुसरबीडहून परत आलो, त्या रोजी ओट्यापाशी मी तुमाले एक गोष्ट बोलले होते. तुम्ही हाव म्हणले, चपला घातल्या अन् दुकानात गेले.

मला काहीच आठवेना. तो दिवस आठवत होता, चपला आठवत होत्या, पण तिचं बोलणं माझ्यापाशी नव्हतंच.

"ते नव्हतं ऐकलं?"

"नाही," मी म्हणालो. "काय होतं ते?"

 तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. काहीतरी फार दिवस आवळून धरलेलं सैल होत होतं, आणि ते बघताना मला रागापेक्षा जास्त भीती वाटली.

"मी समजत होते, तुम्ही ऐकूनही निघून गेले," ती म्हणाली.

मी पुन्हा विचारलं, काय बोलली होतीस, सांग ना आता. तिनं नाही म्हणून मान हलवली. म्हणाली, त्या रोजचं होतं, आता ते तसं नाही बोलता येत. मग सूप पुढं ओढून तूर निवडायला लागली. मी उठलो नाही. तिच्या ओठांकडं बघत तिथंच बसून राहिलो, आणि तिनंही मला काय बघता म्हणून हटकलं नाही.